बाबांची पंच्याहत्तरी आणि साडेसातशेची भाकरी

पत्र:

काकू, नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या सासऱ्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. आम्ही त्यांना बाबाच म्हणतो. ते मूळचे मंगळवेढ्याचे, नोकरीसाठी पुण्यात आले आणि इथलेच झाले. वाढदिवसाला माझ्या मोठ्या नणंदेने (ताईंनी) हायवेवरचं एक नवं ‘गावरान’ हॉटेल सुचवलं. लाल मातीच्या भिंती, दारात बैलगाडी, फेटेवाले वेटर, पाटीवर खडूने लिहिलेला मेन्यू. बाबांना गाव आठवेल म्हणून सगळे खूश होतो. आठ जण गेलो.

बसायला फक्त पाट आणि चौरंग. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. खुर्ची मागितली तर म्हणाले, थीम बिघडते. अर्ध्या तासाने एक प्लास्टिकची खुर्ची आली, पण टेबल नाहीच. बाबा ताट मांडीवर घेऊन जेवले. भाकरी गार आणि वातड, पिठल्यावर साय धरलेली, आत गुठळ्या. पाण्याच्या बाटल्या न विचारताच फोडून ठेवल्या. बिल ₹७,८२७. बिलात ‘गावकीचा मान १० टक्के’ असंही काहीतरी होतं. मी वाढणाऱ्या मुलावर सगळ्यांदेखत ओरडले.

बाबा गाडीत म्हणाले, “छान होतं गं सगळं.” आणि रात्री अकरा वाजता त्यांनी आईंकडे दूधभात मागितला. ते ऐकून मी गूगलवर एक स्टार देऊन लिहिलं, ‘चोर आहेत, शिळं खायला घालतात.’ ते वाचून ताई दुखावल्या. जागा त्यांनी निवडली म्हणूनच मी असं लिहिलं, असं त्यांना वाटतं. पंधरा दिवस बोलल्या नाहीत. इकडे हॉटेलच्या मालकाचा फोन आला, रिव्ह्यू काढा, आठही जणांना पुन्हा फुकट जेवू घालतो. नवरा म्हणतो, घेऊन टाक आणि विषय संपव. मी पैशांसाठी फार करते आहे का? काय करू?

– एक सून, पुणे

उत्तर:

प्रिय सूनबाई,

तुम्ही पैशांसाठी फार करत नाही आहात. पत्र मी दोनदा वाचलं. आकडा तुम्ही एकदाच लिहिला आहे आणि खुर्चीबद्दल चार वाक्यं लिहिली आहेत. पंच्याहत्तरीच्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाला मांडीवर ताट घेऊन जेवावं लागलं, ते तुम्हाला लागलं आहे. ते लागायलाच हवं. हेच जेवण पावणेदोन हजारांत झालं असतं तरी तुम्ही मला पत्र लिहिलं असतं असं मला वाटतं.

आधी भाकरीबद्दल बोलते, कारण माझ्या मते सगळा अपमान तिथे आहे. ज्या हॉटेलने इटालियन पदार्थ ठेवलेत आणि कोपऱ्यात भाकरीही ठेवली आहे, त्याची भाकरी बिघडली तर समजू शकते. पण जे हॉटेल गावच विकतं, त्याला भाकरी जमलीच पाहिजे. आणि ज्याच्यापुढे ती वाढली तो माणूस मंगळवेढ्याचा! मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या काळ्या रानातली शाळूची भाकरी लहानपणी चुलीसमोर बसून खाल्लेल्या माणसाला तुमच्या-माझ्यापेक्षा भाकरी कळते. पहिल्या घासातच त्यांना समजलं असणार. तरी ते “छान होतं” म्हणाले, ते तुमच्यासाठी आणि लेकीसाठी म्हणाले.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ ताजं लागतं. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, भाकरी थापताना कडेने चिरतेच. गरम पाण्यात पीठ मळायचं, परातीत थापायची, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि मग विस्तवावर फुगवायची. पापुद्रा सुटला की तव्यावरची थेट ताटात. गार झाली की ती घट्ट आणि वातड होते, आणि पुन्हा तापवून पहिल्यासारखी होत नाही. (सोलापूरकडची कडक भाकरी वेगळी. ती मुद्दाम पातळ थापून वाळवलेली असते, टिकावी म्हणून.) शे-दीडशे माणसं एका वेळी जेवायला बसणार असतील तर ताजी भाकरी द्यायला स्वयंपाकघरात तीन-चार बायका सतत थापत बसलेल्या लागतात. त्यांना पगार द्यावा लागतो. बैलगाडीला मात्र एकदाच पैसे घालावे लागतात आणि तिचा फोटो रोज निघतो. बऱ्याच थीम हॉटेलांचं गणित इथे बिघडतं. जे फोटोत दिसतं त्याच्यावर खर्च होतो, आणि जे फक्त जिभेला कळतं ते दुपारीच करून डब्यात भरून ठेवतात. पिठल्यावर साय धरली होती म्हणजे तेही बहुधा आधीच करून ठेवलेलं असणार.

थीम असणं हा मात्र गुन्हा नाही. अहमदाबादचं विशाला १९७८ पासून गावाच्याच थाटात चालतं. ते उभं करणाऱ्या सुरेंद्र पटेलांनी तिथेच जुन्या भांड्यांचं ‘वेचार’ नावाचं संग्रहालय केलं. ठिकठिकाणाहून गोळा केलेल्या कळश्या, घडे, अडकित्ते, डबे तिथे आहेत. आधी गावातल्या वस्तूंवर माया होती, हॉटेल त्या मायेतून आलं, हे तिथे गेलेल्या माणसाला कळतं. त्याच शहरात न्यू लकी नावाचं चहाचं हॉटेल आहे. त्याच्या टेबलांमध्ये चक्क जुन्या कबरी आहेत, जाळ्या लावून जपलेल्या, त्यांवर फुलं वाहिलेली असतात. याहून विक्षिप्त जागा मला माहीत नाही. पण लोक तिथे चहा आणि मस्काबन चांगला मिळतो म्हणून जातात, आणि चहाची किंमत चहाएवढीच असते. तेव्हा “अशा नाटकी जागी जायलाच नको होतं” असं कुणी तुम्हाला किंवा ताईंना ऐकवत असेल तर ऐकून घेऊ नका.

आता बिल. तुम्ही त्याचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. मी ते ओळीओळीने वाचलं आणि त्यातल्या काही ओळींवर माझं मत तुम्हाला आवडणार नाही.

मोठ्यांच्या सहा थाळ्या ₹७४९ प्रमाणे, मुलांच्या दोन ₹४४९ प्रमाणे, पाच मठ्ठे ₹१२९ प्रमाणे, जास्तीच्या चार भाकऱ्या ₹६५ प्रमाणे. म्हणजे जेवणाचे ₹६,२९७. हे दर मेन्यूच्या पाटीवर लिहिलेले होते, तुम्ही ते वाचून ऑर्डर दिलीत. महाग आहेत, पण दर किती ठेवायचा हा मालकाचा अधिकार आहे. “पिठल्याला बेसन लागतं किती” हा हिशेब हॉटेलवाल्याला लावू नये. या धंद्यात बिलाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतका खर्च कच्च्या मालाचा धरतात, बाकीच्यात भाडं, पगार, गॅस, वीज आणि नफा असतो. ₹७४९ घेऊन तव्यावरची भाकरी आणि बाबांना नीट टेबल-खुर्ची मिळाली असती, तर मी ते पैसे वाजवी म्हटले असते. दर पाटीवर लिहिलेला होता, त्यामुळे भांडायचं ते त्या दरात जे वाढलं त्यावरून.

पाण्याच्या सहा बाटल्या, ₹८० ला एक. बाटलीवर छापील किंमत ₹२० होती, हे तुम्ही दोन वेळा अधोरेखित केलं आहे. यात कायदा हॉटेलच्या बाजूने आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेल नुसतं पाणी विकत नाही, बसायची जागा आणि सेवाही देतं, म्हणून तिथे छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं. मला तो निकाल पटत नाही, पण तो आहे. त्यामुळे ₹८० वरून भांडलात तर हराल. तुम्ही मागितल्या नसताना त्यांनी बाटल्या फोडल्या, ही तक्रार मात्र रास्त आहे. पुढच्या वेळी टेबलावर बाटली आली की तिचं झाकण उघडायच्या आत सांगायचं, “साधं पाणी आणा.” साधं पाणी मागायला लाजायचं काहीही कारण नाही. आपल्याकडे दारात आलेल्या अनोळखी माणसालाही पाणी विचारतात.

आणि ‘गावकीचा मान १० टक्के’. ₹६७७.७० पैसे. इथे मात्र तुमची बाजू भक्कम आहे. हा सर्व्हिस चार्ज आहे, फक्त त्याला फेटा बांधला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्याही नावाने तो वसूल करायचा नाही, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचं, आणि तो दिला नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, काही काळ स्थगितीही होती, पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने ही तत्त्वं कायम ठेवली. संघटनांनी पुढे अपील केलं आहे. म्हणून हॉटेलवाला कदाचित तुम्हाला सांगेल की प्रकरण कोर्टात आहे. तुम्ही शांतपणे २८ मार्चच्या निकालाचं नाव घ्या.

त्याखाली जीएसटी लावला आहे, अडीच अधिक अडीच, पाच टक्के. रेस्टॉरंटचा तो नेहमीचा दर आहे आणि सरकारचा आहे, त्याबद्दल हॉटेलला बोलू नका. पण बिल नीट पाहा, त्यांनी आधी ‘मान’ मिळवला आणि मग एकूण रकमेवर कर लावला. म्हणजे जो आकार बिलात घालायलाच नको होता, त्याच्यावर तुम्ही करही भरलात, ₹३३.८९. दोन्ही मिळून ₹७११.५९ झाले. हे पैसे मागा. रक्कम छोटी आहे म्हणून सोडू नका. रोज दीडशे माणसं अशीच छोटी म्हणून सोडतात, त्यामुळेच ती ओळ बिलावर राहते.

मागायचं कसं? आधी मालकाला लेखी, व्हॉट्सॲपवर चालेल, बिलाचा फोटो जोडून. आठवड्यात उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या नंबरवर फोन करा. मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, कारण हेल्पलाइनचा निरोप गेला की अनेक हॉटेलं परतावा देऊन मोकळी होतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. सातशे रुपयांसाठी आयोगात जा असं मी सांगणार नाही, पण तो दरवाजा आहे हे माहीत असलं की फोनवर बोलताना आवाज आपोआप स्थिर राहतो. तुम्ही पुण्यात राहता. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत तुमच्याच शहरात सुरू केली, देशात ग्राहक कायदा यायच्या बारा वर्षं आधी. पावती मागणारा, वजन तपासणारा, चुकीच्या आकाराबद्दल विचारणारा माणूस कंजूष नसतो, हे त्या पिढीने इथे घरोघरी जाऊन सांगितलं आहे. तुमच्या बाबांना ते दिवस आठवत असतील, विचारा त्यांना.

आता रिव्ह्यू. काढू नका, पण आहे तसा ठेवूही नका.

‘चोर आहेत’ हा शब्द काढा. पाटीवर दर लिहून पैसे घेणारा चोर नसतो. ‘शिळं’ हाही काढा. भाकरी गार होती आणि वातड होती, हे तुम्ही खाल्लंत, तुम्हाला माहीत आहे. ती शिळी होती की दुपारची, हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही. अब्रुनुकसानीची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे. सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य हा त्यात बचाव आहे, पण त्यासाठी सांगितलेलं सत्य असावं लागतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी रागाचे दोन शब्द काढले की उरलेला मजकूर जास्त लागतो. मी असा लिहिला असता:

‘सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला आठ जण गेलो होतो. बसायला फक्त पाट आहेत. गुडघेदुखीमुळे खुर्ची मागितली, ती अर्ध्या तासाने मिळाली, टेबल मिळालं नाही. भाकरी गार आणि वातड होती, पिठल्यात गुठळ्या होत्या. पाण्याच्या बाटल्या न विचारता उघडल्या, प्रत्येकी ₹८०. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज वेगळ्या नावाने लावला होता. मठ्ठा आणि ठेचा चांगला होता. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर आधी फोन करून बसायची सोय विचारा.’

मठ्ठा आणि ठेचा चांगला असल्याचं तुम्हीच पत्रासोबतच्या चिठ्ठीत लिहिलं आहे, म्हणून घातलं. चांगलं होतं ते लिहिलंच पाहिजे. शेवटची ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पुढच्या रविवारी कुणीतरी आपल्या आजीला घेऊन तिथे निघालेलं असेल, ते हे वाचून आधी फोन करतील.

मालकाचं फुकट जेवण नाकारा. नवऱ्याला विषय संपवायचा आहे हे मी समजते, घरात पंधरा दिवस अबोला असला की कुणालाही वाटतं. पण रिव्ह्यू काढण्याच्या बदल्यात जेवण घेतलं तर तुमचं खरं बोलणं आठ थाळ्यांना विकलं गेलं असं होईल, आणि ते तुमच्या मनात राहील. गूगलच्या स्वतःच्या नियमांतही असं आमिष दाखवून वाईट रिव्ह्यू काढायला सांगणं बसत नाही. शिवाय बाबांना पुन्हा त्याच पाटांवर न्यायचं? त्यांनी काय केलं आहे?

मालकाला एवढंच लिहा: ‘तुम्ही फोन केलात त्याबद्दल आभार. जेवण नको. माझ्या रिव्ह्यूतले रागाचे शब्द मी काढले आहेत, बाकीचा मजकूर खरा आहे, तो राहील. सर्व्हिस चार्ज आणि त्यावरचा कर मिळून ₹७११.५९ परत करावेत. आणि पाचसहा टेबलं व पाठ असलेल्या खुर्च्या ठेवाव्यात. ठेवल्यात की मला कळवा, मी ते रिव्ह्यूत लिहीन.’ हा माणूस वाईट असेलच असं नाही. त्याने स्वतः फोन केला, खालच्या माणसाला करायला लावला नाही. थीम बिघडते म्हणून खुर्ची न देणारं उत्तर बहुधा एखाद्या मॅनेजरचं असेल, आणि मालकाला त्या संध्याकाळी काय झालं हे तुमच्या रिव्ह्यूवरून कळलंही नसेल, कारण त्यात खुर्चीचा उल्लेखच नव्हता. गावात पंगत जमिनीवर बसायची हे खरं, पण म्हाताऱ्या माणसाला त्याच गावात ओट्यावर, बाजेवर बसवून वाढायचे. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही सांगा.

वाढणाऱ्या मुलाचं काय? तुम्ही पत्रात त्याच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंत आणि पुढे गेलात, पण ते लिहिलंत म्हणजे ते सलतं आहे. तो पोरगा भाकरी थापत नाही, दर ठरवत नाही, खुर्च्या ठेवायच्या की नाही हे त्याच्या हातात नाही. कडक इस्त्रीचा फेटा बांधून सात-आठ तास उभं राहायचं, आणि मॅनेजरने जे सांगितलं ते गिऱ्हाइकाला जाऊन सांगायचं, एवढंच त्याच्याकडे आहे. सर्व्हिस चार्ज त्याच्यापर्यंत पोचतो की नाही तेही बिलावरून कळत नाही. म्हणून तर मी म्हणते, तो चार्ज देऊ नका आणि चांगलं वाढणाऱ्याच्या हातावर स्वतः पन्नास-शंभर ठेवा. या मुलाला तुम्ही आता शोधत जाऊ नका. मालकाला लिहाल त्यात एक ओळ वाढवा: ‘वाढणाऱ्या मुलावर मी आवाज चढवला, त्याची त्यात चूक नव्हती, हे त्याला सांगा.’ मालकाने त्याला त्या दिवशी बोल लावले असतील तर या ओळीचा त्याला उपयोग होईल.

आणि ताई.

खरं सांगू, तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त काळजी यांची वाटली. वडिलांना गाव आठवावं म्हणून त्या लेकीने जागा शोधली. फोटोत लाल भिंत, कंदील, बैलगाडी दिसली असेल आणि तिला आजोळची किंवा लहानपणच्या सुट्टीची आठवण झाली असेल. तिच्या मनात जे होतं ते चांगलंच होतं. त्या संध्याकाळी वडिलांना मांडीवर ताट घेऊन बसलेलं पाहून तुम्हाला जितकं वाईट वाटलं, त्याहून तिला थोडं जास्तच वाटलं असेल, कारण निवड तिची होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोनवर वाचलं, चोर आहेत, शिळं खायला घालतात. तुम्ही हॉटेलबद्दल लिहिलंत, तिला ते स्वतःबद्दल वाटलं. अशा वेळी माणूस तर्काने वाचत नाही.

त्यांना मेसेज करू नका, फोन करा, किंवा शक्य असेल तर घरी जा. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नव्हतं, असं सांगायला बसलात तर त्या ‘मग लिहिलंस कशाला’ म्हणतील आणि दोघी पुन्हा तिथेच याल. त्याऐवजी सांगा, “ताई, बाबांना खुर्ची मिळेना तेव्हा माझा जीव नुसता तुटत होता, तो राग मी तिथे लिहिला. रिव्ह्यू बदलायचा आहे, तुम्ही पण सांगा काय लिहायचं.” वर दिलेला मजकूर त्यांना दाखवा. खुर्चीची गोष्ट त्यांनाही लिहाविशी वाटेल, बघा. दोघींनी मिळून लिहिलेला रिव्ह्यू मालकालाही टाळता येणार नाही, आणि पंधरा दिवसांचा अबोला त्या कामात आपोआप संपेल. मालकाचा निरोप, पैसे, बाकी सगळं त्यानंतर. नवऱ्यालाही एवढंच सांगा की विषय तुम्ही संपवताच आहात, फक्त फुकट जेवून नाही.

बाबांची पंच्याहत्तरी मात्र राहिली आहे असं मी धरते. वर्ष अजून पुढे आहे. या वेळी त्यांना विचारा. “तुम्हाला कुठे आवडेल” असं मोघम विचारलंत तर ते “कुठंही चालेल गं” म्हणतील, आमच्या पिढीची सगळीच माणसं तसं म्हणतात. नेमकं विचारा: ज्वारीची भाकरी कशाबरोबर खायची, पिठलं पातळ की घट्ट, शेंगदाण्याची चटणी लाल की काळ्या तिखटाची, आणि घरी की बाहेर. बाहेर म्हणाले तर आधी हॉटेलला फोन करून तीन गोष्टी विचारा, पाठ असलेली खुर्ची आणि टेबल मिळेल का, भाकरी ऑर्डर दिल्यावर थापता की आधी करून ठेवता, आणि बिलात कुठल्या नावाने जास्तीचा आकार लावता का. तिसऱ्या प्रश्नाला अडखळले तर तिथेच कळतं. शक्य असेल तर शनिवार-रविवारची रात्र टाळा, मधल्या वारी दुपारी जा, गर्दी नसली की तव्यावरची भाकरी मिळण्याची शक्यता खूप वाढते. आणि सजावटीपेक्षा मेन्यूची लांबी बघा. चार पानी मेन्यूत पिठलं-भाकरीबरोबर पनीरचे वीस प्रकार असतील तर ती जागा दोन-तीन तयार ग्रेव्ह्यांवर चालते, तिथे भाकरीची अपेक्षा ठेवू नये.

घरी म्हणाले तर तुम्ही आणि ताई मिळून करा. पीठ दोन दिवस आधी दळून आणा, त्याहून आधी नको. मंगळवेढ्याहून कुणी नातेवाईक येणार असेल तर त्यांना पाच किलो शाळू आणायला सांगा. पहिली भाकरी बाबांच्या ताटात, बाकीच्यांनी नंतर.

आणि मला विचाराल तर डिसेंबर-जानेवारीत त्यांना गावीच न्या. हुरड्याचे दिवस असतात, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून हातावर चोळलेला गरम हुरडा. पुण्याहून एका दिवसात जाऊन येणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, मुक्काम धरा. त्या हॉटेलात आठ जणांनी दिले त्याहून फार जास्त खर्च यायचा नाही. तारीख ताईंना ठरवू द्या, गाडीत पुढची सीट बाबांना द्या, आणि शेतावर जाताना घरातली एक फोल्डिंगची खुर्ची डिकीत टाका.

तुमची,
काकू